जाम झालेला नट आणि अमोन्तोंचा नियम

वडिलांची पद्मिनी मोटार अजून जपणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. मॅनिफोल्डवरचा एक नट काही केल्या सुटेना. मेकॅनिकने त्यावर गॅसची ज्योत धरली, आणि मग तो पान्याला वश झाला. ‘तापला की धातू प्रसरण पावतो. मग नट फुगून उलट आणखी आवळला कसा गेला नाही?’

प्रश्न फसवा आहे, म्हणूनच मला आवडला. नट फुगतो हे खरं, पण तो भोकासकट फुगतो. आपल्या लोहारांना हे पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव ते मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद करायची, दोघा-तिघांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि आकसणारी धाव सगळं चाक असं आवळते की पुढे सांध्यांची काळजी नको! मेकॅनिकने या कृतीचा फक्त पूर्वार्ध केला.

आकडेमोड केली की मात्र उत्साह थोडा ओसरतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. १० मिलीमीटर भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला तरी मोकळी जागा मिळते ०.०३६ मिलीमीटर, आणि तीही आतला आटेदार दांडा, म्हणजे स्टड, तापेपर्यंतच. ज्योतीचं मोठं काम दुसरंच आहे. लोखंडाचा गंज झाला की त्याला दुपटीहून जास्त जागा लागते. समुद्राकाठच्या जुन्या इमारतींत सळी सिमेंट फोडून बाहेर येते ती यामुळेच. आट्यांच्या फटीत हा गंज पाचरीसारखा ठासून बसतो. पण तो ठिसूळ असतो. नट आधी तापतो, स्टड मागून, आणि त्या ओढाताणीत गंजाला तडे जातात. नटाच्या कडांवर हातोडीचे ठोके मारतात तेही याचसाठी.

मग ते डब्यातले फवारे? त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. डब्ल्यूडी-४० हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. तो १९५३ मध्ये सॅन दिएगोत तयार झाला, तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तो वापरला गेला. गंज चढू नये म्हणून केलेलं औषध आपण गंज चढल्यावर मारतो आणि दोन मिनिटांत पाना लावतो. ठासून भरलेल्या आट्यांत तेलाला शिरायला वाटच नसते. आधी तडे जाऊ द्या, मग साधं पातळ तेलही केशाकर्षणाने आत जातं, आणि त्यालाही रात्रभर वेळ द्यावा लागतो.

नट पहिल्यांदा हलल्यावर काय करायचं, हे सांगणारा माणूस मात्र तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. तो म्हणजे फ्रेंच संशोधक गियोम अमोन्तों. १६९९ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. विद्वानांना हे पटेना. प्रयोग पुन्हा करून पाहावे लागले. पुढे शास्त्रज्ञ कुलोंने हे काम वाढवलं आणि अनेक पुस्तकांत घर्षणाचे नियम त्याच्याच नावावर लागले. हा अन्याय मला खटकतो, कारण गॅरेजमध्ये रोज कामाला येतो तो अमोन्तोंच.

कसा ते बघा. नट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो. स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा. सोडवताना नट थोडासा फिरला की तो ताण संपतो. दाब गेला म्हणजे घर्षणही जायला हवं, आणि चांगला नट तसा पुढे बोटांनी फिरतोच. पहिल्या हलण्यानंतरही तो तितकाच जड जात असेल, तर दाब गंजाचा आहे. नेमक्या याच क्षणी माणसं पान्यावर पाइप चढवून जोर लावतात आणि स्टड पिळून तुटतो. जुने फिटर अर्धा फेरा उलटा, पाव फेरा सुलटा असं करत, मध्ये तेल सोडत जातात. सुटलेला भुगा मागे सारला जातो आणि पुढचे आटे मोकळे होतात.

स्टड तुटलाच, तर उरलेल्या थुटक्यावर नवा नट वेल्ड करतात. पकडायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगची आच थेट आतल्या गंजापर्यंत जाते.

वाचकाच्या मेकॅनिकचं बरोबरच होतं. फक्त ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघून घ्यावं, आणि बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात रुतला असेल तर जास्तच जपावं. पोलाद लाल होऊन इशारा देतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि तोवर दिवसाउजेडी त्याचा रंग बदललेला दिसत नाही.