आखाजीला आई-दादांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव

पन्नासावा वाढदिवस तिथीने करायचा की तारखेने? आमच्या घरी हा प्रश्न निघाला, कारण आई-दादांचं लग्न आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं. तिथी आणि तारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात. म्हणजे १९, ३८, ५७. पन्नासाव्या वर्षी दोन्ही सहसा वेगळ्या दिवशी. आम्ही तिथी धरली आणि भुसावळकरांनाही तेच सुचवेन. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतातच, दारी झोके बांधलेले असतात, निम्मं कुटुंब आपोआप जमतं. बाकीच्यांसाठी आपलं जंक्शन आहे: मुंबई, नागपूर, खांडवा, सगळीकडून गाडी थेट दारात!

जेवणात केकच्या आधी मांडे हवेत. पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत, झुलवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. हे हात आता कमी उरलेत, म्हणून मांडे करणाऱ्या बाईंना महिनाभर आधी सांगा. सोबत आमरस. भरीत मात्र हिवाळ्यातलंच खरं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं आणि बडगीत ठेचलेलं. वैशाखात त्याचा हट्ट नको. त्याऐवजी वरण-बट्टी करा, वर तूप सढळ.

एक हिशोब मी आईला कागदावर मांडून दिला: ५० वर्षांत साधारण ६१८ पौर्णिमा. तिने तो देवघरात ठेवलाय.