साच्याच्या हाती किती द्यायचे?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेबसाइटचे काम पाहणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली पायथॉनमध्ये एक फ्रेमवर्क रचायला घेतले. बातमीदारीच्या घाईत वेबसाइटवरची नवी पाने झटपट उभी राहावीत, ही त्यांची गरज होती. २००५ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावावरून त्याचे नाव पडले जँगो.

वाचकाने एखादी बातमी उघडली की जँगोतले ‘व्ह्यू’ नावाचे फंक्शन कामाला लागते. ते डेटाबेसमधून मजकूर आणते आणि ‘कॉन्टेक्स्ट’ नावाच्या डिक्शनरीत ठेवते. तिथे प्रत्येक माहितीला एक नाव असते. पानाचा साचा, म्हणजे ‘टेम्प्लेट’, वेगळ्या फाइलमध्ये असतो. दुहेरी महिरपी कंसात नाव लिहिले की त्या जागी ती माहिती उमटते.

साच्यात पायथॉन मात्र लिहिता येत नाही. ही बंदी हेतुपुरस्सर आहे आणि ती योग्यच आहे. पानाची मांडणी करणाऱ्याला प्रोग्रामिंग यावेच लागू नये, आणि हिशेब व निर्णय व्ह्यूमध्येच उरकावेत. बातमीचा लेखक हवा असेल, तर ‘बातमी’पुढे टिंब देऊन ‘लेखक’ लिहायचे. जँगो आधी ते डिक्शनरीतले नाव म्हणून शोधतो, मग वस्तूचा गुणधर्म म्हणून, शेवटी यादीतला क्रमांक म्हणून. फंक्शन सापडले तर तेही चालवतो. पण साच्यातून त्याला काही पुरवता येत नाही. मग कुणी टिंबापुढे ‘डिलीट’ लिहिले तर? डेटाबेसमधली नोंद पुसणाऱ्या अशा फंक्शनवर खास खूण केलेली असते, म्हणून साचा ते चालवत नाही.

वाचकाच्या प्रतिक्रियेत दडलेली स्क्रिप्टही अशीच निष्प्रभ होते. ‘पेक्षा लहान’ या चिन्हासारखी खुणेची अक्षरे जँगो आपणहून निरुपद्रवी रूपात बदलतो, त्यामुळे ब्राउझर ती आज्ञा न समजता मजकूर समजतो.

एक गोष्ट मात्र खटकते. साच्यात नावाचे स्पेलिंग चुकले तर जँगो तक्रार करत नाही. ती जागा नुसती कोरी राहते. बातमी छापली जाते, लेखकाचे नाव गायब! कोऱ्या जागी इशारा दाखवण्याची सेटिंग आहे, पण ती फक्त चुका शोधताना वापरावी, असे जँगोचे माहितीपत्रकच सांगते, कारण त्याचे स्वतःचे काही साचेही या मौनावर विसंबून आहेत.