पान कावळ्याचं, पंगत रॅकूनची

गेल्या वर्षी पितृपक्षात आई आमच्याकडे टोरोंटोला होती. बाबांच्या तिथीला तिने सगळं रीतसर केलं. स्कारबरोच्या तमिळ दुकानातून केळीचं पान आणवलं. त्यावर भात, वरण, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, खीर आणि उडदाचे वडे वाढले आणि मागच्या डेकच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे इथेही आहेत, आपल्याकडच्यापेक्षा अंगाने दांडगेच. पण पितरांशी त्यांना काही देणंघेणं नसावं. दुपार टळली तरी पानाला कुणी शिवलं नाही. "राहू दे तिथंच," आई म्हणाली, "सकाळी येईल."

रात्री साडेदहाला मी चिकूला शेवटचं बाहेर सोडलं. चिकू आमचा शित्झू. वजन साडेपाच किलो, आवाज पंचवीस किलोंचा. दार उघडताच तो बाणासारखा सुटला, आणि मग मला कठड्यावर बसलेली ती दिसली. डोळ्यांभोवती काळी पट्टी, पाठीला कुबड, शेपटीवर वळी. दोन्ही हातांत वडा धरून ती खात होती. खाली तिची तीन वाढलेली पिल्लं खीर चाटत होती. चिकू पिल्लांच्या रोखाने गेला आणि रॅकूनबाईंनी कठड्यावरून सरळ त्याच्या अंगावर उडी घेतली. सगळा प्रकार चार सेकंदांचा. मी मध्ये हात घालून चिकूला उचललं, तोवर त्याच्या नाकावर दोन खोल ओरखडे उमटले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला रेबीजचा बूस्टर दिला आणि मला झापलं. भांडणात मोकळे हात घालायचे नाहीत. पाण्याचा पाइप मारायचा, मोठा आवाज करायचा, काही नसेल तर खुर्ची मध्ये सरकवायची. जखमी कुत्र्याला हात लावायचा तोही हातमोजे घालून, कारण त्याच्या केसांवर रॅकूनची लाळ असू शकते. मला कुठे खरचटलं नव्हतं. खरचटलं असतं तर सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवून माझ्याही सुया सुरू झाल्या असत्या.

आईला हे जनावर पाहून उदमांजर आठवलं. चिपळूणच्या आमच्या घरात ते माळ्यावरून धावायचं आणि फणस पिकला की आपल्याआधी त्याला वास लागायचा. नात्याने दोघांचा जवळचा संबंध नाही, पण सवयी ओळखीच्या: रात्रीचा वावर, झाडावर सरसर चढणं, मिळेल ते खाणं, माणसाच्या छपराखाली बाळंत होणं. फरक आहे तो हातांचा. रॅकून हे नावच मुळी व्हर्जिनियातल्या पोव्हॅटन लोकांच्या भाषेतून आलं, आणि त्याचा अर्थ हातांनी खरवडणारा असा सांगतात. शास्त्रीय नावातला 'लोटर' म्हणजे लॅटिनमध्ये धुणारा. प्रत्यक्षात तो अन्न धूत नाही, चाचपतो. त्याच्या तळव्यांत स्पर्शाच्या मज्जातंतूंची इतकी दाटी आहे की मेंदूचा बराच भाग केवळ हातांकडून आलेली खबर वाचण्यात गुंतलेला असतो. तळवे ओले झाले की ही खबर आणखी स्पष्ट येते. अंधारात डोळे चिकूवर रोखून हात खिरीत ठेवणं त्याला सहज जमतं.

या हातांपुढे टोरोंटो महापालिकेनेही हात टेकले आहेत. इथे ओल्या कचऱ्याचा वेगळा हिरवा डबा असतो, आणि तो डबा म्हणजे रॅकूनचा खानावळीचा डबा झाला होता. 2016 पासून शहराने 3 कोटी 10 लाख डॉलर खर्चून नवे डबे वाटले. झाकणाच्या मुठीत एक फिरवायचं कुलूप. ते फिरवायला अंगठा लागतो, आणि रॅकूनला पाच बोटं असली तरी आपल्यासारखा बाकीच्या बोटांसमोर येणारा अंगठा नाही. बहुतेक रॅकून हरले. पण 2018 मध्ये 'टोरोंटो स्टार'च्या एका पत्रकार बाईंनी स्वतःच्या घराबाहेर कॅमेरा लावला, तेव्हा एक मादी डबा आडवा पाडून मूठ फिरवताना सापडली. शहर रॅकूनवर वैतागतं तसं जीवही लावतं. जुलै 2015 मध्ये यंग स्ट्रीटवर एक मेलेला रॅकून उचलायला महापालिकेची गाडी तासन् तास आली नाही, तर लोकांनी त्याच्याभोवती फुलं, मेणबत्त्या आणि चौकटीतला फोटो मांडून त्याचं नाव कॉनरॅड ठेवलं.

ओरखड्यांनंतर माझं पहिलं काम म्हणजे बाजारात जे मिळतं ते सगळं आणणं. त्यातून शिकलो ते एवढंच, की रॅकूनला पळवायच्या बहुतेक वस्तूंचा त्रास आधी कुत्र्याला होतो. तिखटाची पूड कुंपणापाशी भुरभुरली, तर नाक जमिनीला लावून हिंडणारा चिकूच शिंकून बेजार. डांबराच्या गोळ्या कुत्र्याने गिळल्या तर विषबाधा. अमोनियाच्या चिंध्यांचा वास त्याच्या नाकाला आपल्या कैक पट झोंबणार. कुंपणाच्या तळाशी विजेची तार लावायचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला, पण ती तार नेमकी शित्झूच्या नाकाच्या उंचीला येते. उंच कुंपणाचाही उपयोग कुत्रा आत राहावा एवढाच. सहा फुटी लाकडी कुंपण रॅकूनला शिडीसारखं. हालचाल जाणवली की पाणी उडवणारा फवारा मात्र बरा चालला. पण हिवाळ्यात बाहेरचे नळ गोठू नयेत म्हणून बंद करावे लागतात, आणि त्याआधीच रॅकूनला कळलेलं असतं की हे नुसतंच पाणी आहे. आपोआप लागणाऱ्या दिव्याचं तर त्याला आठवड्याभरात काही वाटेनासं झालं. उलट उजेडात जेवायची सोय.

मग डोक्यात उजेड पडला. जुन्नरकडे बिबट्या गोठ्याजवळ येतो तेव्हा तो अनेकदा कुत्र्यासाठी येतो. तिथे कुत्रा हेच भक्ष्य. रॅकून कुत्र्यासाठी येत नाही, कुत्र्याच्या वाटीसाठी येतो. कुत्रा त्याला नकोच असतो. झटापट होते ती तो कोपऱ्यात सापडला तर, पिल्लं जवळ असली तर, किंवा समोरच्या ताटावरून उठायची त्याची तयारी नसली तर. पूर्ण वाढलेला रॅकून साधारण चार ते नऊ किलोंचा, शरदात चरबी चढली की आणखी जड. लॅब्राडॉरपुढून तो झाड गाठतो. शित्झू, पोमेरेनियन, चिवावा यांच्यापुढे त्याने का पळावं? तेव्हा चिकूने परसाची राखण करायची हा विचारच सोडला आणि चिकूची राखण मी करायची असं ठरवलं.

त्यातलं निम्मं काम ताट उचलण्याचं. कुत्र्याचं खाणं-पाणी बाहेर ठेवायचं नाही, बार्बेक्यूखालची तेलाची वाटी दर वेळी रिकामी करायची, सफरचंदं पडली की संध्याकाळच्या आत वेचायची, पक्ष्यांचे दाणे रात्री आत घ्यायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र जेवण हिरवळीखालीच असतं. सकाळी उठून बघावं तर हिरवळ गोधडीसारखी गुंडाळून ठेवलेली! मातीतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खायला रॅकून ती उलटतो. उन्हाळा सरताना मातीत सूत्रकृमी पाण्यातून सोडले की ते अळ्या मारतात आणि कुत्र्याला त्यांचा त्रास नाही. रासायनिक औषध टाकण्यापेक्षा हे चांगलं.

पाण्याच्या वाटीचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण मुंबईकराला लेप्टो नवा नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालू नका असं आपण ज्या कारणाने सांगतो, त्याच कारणाने टोरोंटोचे डॉक्टर कुत्र्याला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका म्हणतात. इथे ते जंतू पसरवणाऱ्यांत उंदरांसोबत रॅकूनही आहे, लघवीवाटे. लस दर वर्षी घ्यावी लागते. दुसरा रोग डिस्टेंपर. माणसाला तो होत नाही, पण रॅकूनमध्ये त्याच्या लाटा येतात आणि लस न घेतलेल्या कुत्र्याच्या तो जिवावर बेततो. भर दुपारी रॅकून दिसला म्हणजे तो आजारी असतोच असं नाही. पिल्लांना पाजणारी मादी भुकेने दिवसाही बाहेर पडते. पण तो झोकांड्या खात असेल, माणसाजवळून बेफिकीर जात असेल, तर कुत्र्याला आत घ्यावं आणि महापालिकेचा 311 क्रमांक फिरवावा.

रेबीजची गोष्ट शेजारच्या हॅमिल्टनची. ऑन्टारियोत रॅकूनचा रेबीज दहा वर्षं दिसलेला नव्हता. डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या प्राणी विभागाच्या गाडीत एक आजारी रॅकून आणि दोन मोठे कुत्रे होते. रस्त्यातच त्यांची जुंपली. नंतर रॅकूनची तपासणी झाली आणि रेबीज निघाला. त्या गाडीत तेव्हा तशी जुंपली नसती, तर साथ कळायला किती उशीर झाला असता कोण जाणे. पुढच्या काही वर्षांत त्या भागात शेकडो प्राणी, रॅकून आणि स्कंक, रेबीजग्रस्त सापडले, आणि सरकारने लस भरलेली गोड आमिषं विमानांतून, हेलिकॉप्टरमधून आणि हाताने लाखांनी टाकली. ऑन्टारियोत तीन महिन्यांपुढच्या कुत्र्याला रेबीजची लस कायद्यानेच सक्तीची आहे. एरवी ती कागदावरची तारीख वाटते. चिकूला ओरखडे पडले त्या रात्री मी त्याच्या लसीची फाइल शोधत होतो.

विष्ठेचा विषय रविवारच्या चहाबरोबर नको वाटेल, पण लहान कुत्रं पाळणाऱ्याला टाळता येत नाही. रॅकून ठरलेल्या जागीच घाण करतो: झाडाच्या बुंध्याशी, लाकडांच्या ढिगावर, मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात. त्यात एका गोलकृमीची अंडी असतात. ताजी असताना त्यांचा संसर्ग होत नाही, दोन ते चार आठवड्यांनी होऊ लागतो, आणि मग मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. ब्लीचने ती मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. म्हणून हातमोजे आणि मास्क घालून, दिसली त्या दिवशीच उचलायची. आणि चिकूसारखा सगळं तोंडात घालून पाहणारा गडी असेल, तर जंताचं औषध चुकवायचं नाही.

या वसंतात डेकखालून चिवचिवाट ऐकू आला. पक्षी नव्हते. एप्रिल-मेमध्ये मादी तीन-चार पिल्लं घालते आणि त्यांना कुशीत घेऊन महिना-दीड महिना एका जागी राहते. कुत्र्याच्या दृष्टीने वर्षातला हाच सगळ्यात धोक्याचा काळ, आणि लोक नेमकं याच वेळी चुकतात. पिंजरा लावून आईला पकडतात आणि लांबच्या जंगलात सोडून येतात. ऑन्टारियोत ते बेकायदा आहे: पकडलेला प्राणी चोवीस तासांत, जिथे धरला तिथून एक किलोमीटरच्या आत सोडायचा असतो. त्यातून मागे राहिलेली पिल्लं डेकखाली मरतात, आणि मोकळ्या जागेत दुसरा रॅकून येतो तो वेगळाच.

मादीची बिळं एकच नसतात, आसपास दोन-चार हाताशी असतात. तेव्हा तिला हाकलायचं नाही, जागा नकोशी करायची. दिवसरात्र उजेड आणि माणसाचा बोलण्याचा आवाज. संगीतापेक्षा बोलणं चांगलं म्हणतात. मी डेकच्या फटीजवळ स्पीकर ठेवून त्यावर कीर्तन लावलं. पूर्वरंग, उत्तररंग, पुन्हा पूर्वरंग. तिसऱ्या रात्री कॅमेऱ्यात ती पिल्लांना एकेक करून मानेला धरून कुंपणापलीकडे नेताना दिसली. दिव्याने गेली की निरूपणाने, सांगता येणार नाही. ते तीन-चार दिवस चिकू फक्त पुढच्या दाराने, दोरीला बांधून बाहेर जात होता.

नंतर भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही, म्हणजे आत कोणी नाही. मग डेकच्या चारही बाजूंनी गॅल्व्हनाइज्ड जाळी, फूटभर जमिनीत आणि तिथून फूटभर बाहेर आडवी वळवलेली, म्हणजे खणायला लागलं की पंजा जाळीवरच अडतो. नुसती उभी जाळी पुरली तर रॅकून खालून येतो. सुताराने याचे जे पैसे घेतले, त्यात चिपळूणला फेरी झाली असती.

बाकी राहतात रात्रीची ती दहा मिनिटं. आता मी दार उघडण्याआधी दिवा लावतो, काचेवर थापा मारतो, दोनदा टाळ्या वाजवतो. पाहुणा असला तर त्याला निघायला वेळ मिळायला हवा; त्याची वाट मोकळी ठेवायची. मग टॉर्चने झाड, कुंपण आणि डेकचा कोपरा बघायचा, आणि त्यानंतर चिकू, तोही सहा फुटी दोरीवर. शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे रोज रात्री आरती असते.

यंदा आई चिपळूणला होती, तिथी मीच केली. पान अकरा वाजता ठेवलं आणि चिकूची दोरी हातात धरून काचेच्या दाराआड बसलो. साडेबाराला कुंपणावरून एक खार आली, टोरोंटोत असते तशी कुळकुळीत काळी. वडा उचलून पसार. उरलेलं पान लगेच उचलून हिरव्या डब्यात टाकलं, मूठ फिरवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

"शिवला का?"

"कावळा नाही गं, खार आली."

"काळी होती का?"

"काळीच."

"मग झालं," आई म्हणाली, "आता तू जेव."