गिझरची कॉईल बदलताना

गाळप हंगामाच्या थंडीत पहाटे अंघोळीला कढत पाणी पाहिजेच. पूर्वी चिपाडे घालून तांब्याचा बंब पेटायचा. आता बऱ्याच सभासदांच्या न्हाणीघरात विजेचा गिझर आला आहे. काही वर्षे तो बरा चालतो आणि मग कुणीतरी सांगते, ''पाणी तापतंय चांगलं, पण नळाला हात लावला की थोडं झिणझिणतं.'' या 'थोडं'बद्दलच आम्हाला लिहायचे आहे.

गिझरमधली कॉईल म्हणजे धातूची वळवलेली नळी. तिच्या पोटात नायक्रोमची तार असते आणि तार नळीला टेकू नये म्हणून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. आपले बोअरचे पाणी मात्र जड. ते तापले की त्यातला चुना नळीवर बसतो. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर असाच थर चढतो. तो काढायला गाळप थांबवून साफसफाई करावी लागते, हे सभासदांना ठाऊक आहेच. गिझरची साफसफाई कोण करतो? थराखाली उष्णता कोंडते, नळी तडकते आणि पाणी आत पुडीपर्यंत जाते.

कॉईल दोन तऱ्हांनी जाते. तार तुटली तर पाणी तापत नाही, एवढेच. नळी तडकली तर पाणी तापतच राहते, पण वीज पाण्यात उतरते. हाच प्रकार जिवावरचा. झिणझिण्या आल्या त्या दिवसापासून गिझर बंद ठेवा. पोरांना पुन्हा बंबाचे पाणी द्या.

काम सुरू करण्याआधी घराचा मेन स्विच पाडा आणि गिझरची पिनही काढा. नुसत्या बटणावर विसंबू नका. पुष्कळ घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते. मग बटण बंद असूनही कॉईलला फेज चालूच राहतो. वीज गेली आहे म्हणूनही हात घालू नका, ती केव्हा येईल याचा नेम नाही.

पाणी तापतच नसेल तर कॉईलला दोष देण्याआधी कटआऊट उडाला आहे का आणि थर्मोस्टॅट ठीक आहे का, ते पाहा. मग कॉईलच्या वायरी सोडवून मीटर लावा. २३० व्होल्टची, २००० वॅटची चांगली कॉईल साधारण २६ ओहम दाखवते. कॉईलचे टोक आणि धातूची नळी यांच्यामध्ये मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवले तर कॉईल बाद. मीटर वापरता येत नसेल तर वायरमन बोलवा, यात कमीपणा नाही.

पुढचे काम पान्याचे. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, गरम नळ उघडा आणि खालचा थंड पाण्याचा जोड सोडून टाकी रिकामी करा. वायरी सुटण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नट काढून कॉईल ओढली की खाली चुन्याचे खवले पडतील. ते हाताने काढा. टाकीला आतून काचेचा लेप असेल तर लोखंडी खरवडणी लावू नका. आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते. तिची तार उरली असेल तर तीही बदला.

नवी कॉईल जुन्याच वॅटची घ्या. 'जास्त वॅटची लावू, लवकर तापेल' म्हणणारे बरेच भेटतात, पण वायरिंग तेवढा भार ओढेल का, याचा विचार कुणी करत नाही. रबरी वायसर नवाच घाला आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

आता घाई नको. पाण्याचा जोड पुन्हा घट्ट बसवा, आधी टाकी भरा. गरम नळातून हवा न येता सलग धार पडली की टाकी भरली. नटांपाशी कोरडे आहे ना, ते पाहा. त्यानंतरच वायरी जोडा, झाकण लावा आणि वीज द्या. रिकाम्या टाकीत कॉईल चालू केली तर नवी कोरी कॉईल तिथल्या तिथे जळते.

आणि अर्थिंग. अर्थिंगची वायर पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली असेल तर ती काढून खऱ्या अर्थिंगला जोडा. मधला पाइप प्लॅस्टिकचा झाला की तिचा काहीच उपयोग उरत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबीही बसवून घ्या. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवला तर चुना कमी बसतो आणि १५ लिटरचा गिझर तरीही वीस मिनिटांत अंघोळीपुरते पाणी देतो.