राजूरमधला ‘ऊर’

जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत राजूर लागतं. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी इथं भाविकांची रीघ लागते. वरेण्य राजाचं ‘राजसदन’ ते हेच, अशी इथली श्रद्धा. भाषाशास्त्र मात्र गावाच्या नावाचं शेपूट आधी धरतं. ‘राज’ तर कळला. ‘ऊर’ कुठून आला?

एक वाट संस्कृताकडे जाते. ‘कुंभकार’ भराभर म्हणून पाहा. दोन स्वरांच्या मधला ‘क’ प्राकृतात झिजला आणि कुंभार उरला. लोहकाराचा लोहारही तसाच झाला. अशा जागी ‘प’सुद्धा गळतो. नूपुराचं नेऊर झालं, तसंच राजपुराचं राजउर आणि मग राजूर होऊ शकतं. कर्पुरातल्या ‘प’ला मात्र ‘र’चा टेकू होता, म्हणून कापूर म्हणताना तो आजही ऐकू येतो.

दुसरी वाट कन्नडकडे जाते. तिथं ‘ऊरु’ म्हणजे गाव, आणि हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. लातूर पाहा. इ. स. 866च्या शिरूर शिलालेखात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ पुराचा स्वामी म्हटलं आहे. म्हणजे ‘लट्टलूर’पुढं ‘पुर’ वेगळं लिहिलं आहे. हा ‘ऊर’ काही पुराचा झिजलेला तुकडा नव्हे.

शेपूट एकच, पण कुळं दोन. नुसत्या कानावर विसंबून निवाडा होत नाही. नावाचं जुनं लिखित रूप हाती लागावं लागतं. राजूरशेजारच्या भोकरदनला ते भाग्य लाभलं. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांत ‘भोगवढन’ कोरलेलं आहे, सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीचं. तेच भोगवर्धन, आजचं भोकरदन.

महाराष्ट्रात राजूर एकच नाही. अकोले तालुक्यात आहे, वणी तालुक्यातही आहे. प्रत्येकाचा ‘ऊर’ स्वतंत्रपणे तपासायला हवा. म्हणून देवळातल्या सनदा, घरातले मोडीतले कागद रद्दीत घालू नका. गावाचं जुनं रूप त्यातल्याच एखाद्या ओळीत असू शकतं.