बर्बर आणि यंडुगुंडू

ध्वनीची नक्कल करून घडलेले शब्द मराठीत विपुल आहेत. पाऊस रिमझिमतो, दार करकरते, पैंजण छुमछुमतात; या शब्दांचा कोणाला उपसर्ग होत नाही. परंतु त्यांच्याच कुळातील काही शब्दांत नक्कल असते ती पावसाची वा दाराची नव्हे, तर दुसऱ्या माणसाच्या भाषेची. या शब्दांचा प्रवास पाहू लागलो म्हणजे आपल्या घरातल्या बोलण्याकडेही जरा निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

यांपैकी फार जुना आणि फार दूरवर पोचलेला शब्द म्हणजे ‘बर्बर’. परक्यांचे बोलणे ग्रीकांच्या कानांना नुसतेच ‘बर-बर’ असे वाटे, म्हणून बोलणारा झाला ‘बार्बारोस’. होमरच्या ‘इलियड’मध्ये आशिया मायनरमधील कारियन लोकांना हा शब्द लावलेला आहे, पण तो त्यांच्या बोलण्यापुरताच, त्यांच्या स्वभावावर त्यात शेरा नाही. पुढे इ. स. पूर्व ४९० ते ४७९ या काळात इराणच्या सम्राटांनी ग्रीसवर स्वाऱ्या केल्या आणि शब्दाचा रंग पालटला. ज्याचे बोलणे कळत नाही तो, एवढाच ज्याचा अर्थ होता, त्यात असंस्कृतपणा आला, मग क्रौर्यही आले. मौज अशी की ग्रीकांच्या हिशेबी रोमन लोकही बार्बारोसच होते. प्लाउटुस हा रोमन नाटककार ग्रीक नाटकांची लॅटिन रूपांतरे करी, आणि आपण हे नाटक ‘बर्बर’ भाषेत आणले आहे, असे प्रेक्षकांना थट्टेने सांगे. पुढे रोमचे साम्राज्य झाले तेव्हा त्याच रोमनांनी हा शब्द उत्तरेकडील जर्मन टोळ्यांना बहाल केला. लेबल तेच, फक्त बाटली बदलली!

संस्कृतातही ‘बर्बर’ आहे. त्याचा एक अर्थ अडखळत बोलणारा, आणि दुसरा अर्थ एका परकीय जमातीचे नाव. महाभारतात परकीय जमातींच्या याद्या येतात, त्यांत शक, किरात यांच्याबरोबर बर्बर आहेत आणि यवनही आहेत. यवन म्हणजे ग्रीक! जगाला बर्बर म्हणणारे ग्रीक आमच्या पूर्वजांनी बर्बरांच्याच पंक्तीला बसविले. आपला ‘म्लेच्छ’ शब्दही याच वळणाचा आहे. धातुपाठात ‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणे असा दिला आहे. अरबांनी अरबी न बोलणाऱ्यांना ‘अजम’ म्हटले, त्याच्याही मुळाशी अस्पष्ट बोलण्याचीच कल्पना आहे. आणि तो शब्द पुढे विशेषेकरून इराण्यांना चिकटला. उत्तर आफ्रिकेतील एका मोठ्या समाजाला तर जग आजही ‘बर्बर’ या नावानेच ओळखते. ते स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणवितात. त्यांच्या भाषेला मोरोक्कोच्या राज्यघटनेत २०११ साली आणि अल्जीरियाच्या राज्यघटनेत २०१६ साली राजभाषेचे स्थान मिळाले.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. उणीव असते ती ऐकणाऱ्याच्या कानाची, ती नोंदली जाते मात्र बोलणाऱ्याच्या तोंडावर.

आता आपल्या घरात येऊ. दक्षिणेकडील भाषांसाठी मराठीत एक शब्द रूढ आहे, ‘यंडुगुंडू’. (इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र आपण ‘फाडफाड’ हे विशेषण देतो. ध्वनीची नक्कल तीही, पण तिच्यात कौतुक आहे.) पुण्या-नाशिकच्या माणसाने हा शब्द वापरला तर ते अज्ञान म्हणून सोडून देता येते. आपले तसे नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेला आणि आपण हैदराबादेतच राहिलो. तेव्हापासून आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या भिंतीला भिंत लागून तेलुगू बोलली जाते. तरीही आपल्या दिवाणखान्यांतून हा शब्द गेलेला नाही.

आणि तो ऐकावा तरी नीट! तेलुगूत शब्दारंभीच्या ‘ए’मध्ये किंचित ‘य’ मिसळतो, म्हणून ‘एंडु’ कानाला ‘येंडु’ लागते. ‘एंडु’ म्हणजे वाळलेले. मोंढ्यावर ‘एंडु मिर्ची’ मागतात ती वाळलेली लाल मिरची. ‘एंडा’ म्हणजे ऊन. ‘गुंडु’ म्हणजे गोळा, आणि मुंडन केलेले डोकेही. तिरुपतीला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. म्हणजे ज्याला आपण निरर्थक गडबड म्हणून हसतो, त्याचे दोन्ही तुकडे तेलुगूत चांगले अर्थवाही आहेत. त्यातला ‘ण्ड’ कानाला एवढा वारंवार का लागतो, तेही पाहण्याजोगे आहे. ‘रंडी’, ‘चेप्पंडी’, ‘कूर्चोंडी’ म्हणजे या, सांगा, बसा. शेवटचा ‘अंडी’ हा आदरार्थी प्रत्यय आहे. शेजारी आपल्याशी जितक्या अदबीने बोलतो, तितके आपल्याला ते अधिक ‘यंडुगुंडू’ वाटते! तोंड, भांडे, मांडी आणि साक्षात पांडुरंग ज्या भाषेत आहेत, तिच्या कानाला ‘ण्ड’ इतका परका वाटावा, याचे नवलच.

तेलंगण राज्याने २०१८ साली कायदा करून शाळांतून तेलुगू शिकविणे बंधनकारक केले. त्यामुळे नातवंडे आता ती लिपी लिहितात आणि आजीला दुकानाची पाटी वाचून दाखवितात. मोठ्यांनी निदान दहा-वीस शब्द तरी त्यांच्याकडून शिकून घ्यावेत, आणि त्यांत एक अगदी आधी घ्यावा. ‘गुंडे’ म्हणजे हृदय. रात्री-अपरात्री शेजारच्या घरातून कोणी दार ठोठावीत ‘गुंडे नोप्पी’ म्हणाले, तर घरातल्या वडीलधाऱ्याच्या छातीत दुखते आहे, असे ते सांगत असतात.