घरची बोली आणि शाळेची भाषा

बारामती व इंदापूर तालुक्यांत पालावरून पहिलीत दाखल झालेले पारध्याचे मूल पुष्कळदा आरंभीचे काही महिने तोंडच उघडत नाही. शिक्षक त्यास मंद समजतात. वस्तुतः घरी ते अखंड बोलत असते. मात्र ती बोली मराठी नव्हे. पारधी बोलीचे नाते गुजराती व भिल्ली बोलींशी आहे. त्याच वर्गातील कैकाडी मुलाची बोली तमिळला, तर वडाऱ्याच्या मुलाची तेलुगूला जवळची असते.

या बोलींना स्वतःची लिपी नाही. त्यातच १८७१ च्या कायद्यान्वये अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; संशय उरला, आणि चारचौघांत आपली बोली बोलण्याचा संकोचही.

उत्तर अमेरिकेत महासरोवरांच्या काठी राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांच्या मुलांना वसतिशाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. पुढे अनेक ठिकाणी ती भाषा वृद्धांपुरतीच उरली. आज तेथे त्याच वृद्धांच्या साहाय्याने शाळा चालविल्या जात आहेत. न्यूझीलंडात १९८२ पासून निघालेल्या माओरी बालवाड्यांचा आधारही घरची वडील माणसेच होती.

संविधानाचा अनुच्छेद ३५०क आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार करतात. परंतु शिक्षकास पारधी येत नाही, ही अडचण खरीच. म्हणून शिक्षकांनी निदान एवढे करावे : मुलाने घरच्या शब्दात दिलेले उत्तर चूक ठरवू नये, तो शब्द देवनागरीत, मराठी शब्दाशेजारी, तक्त्यावर लिहावा. आजीस शाळेत बोलावून तिच्या बोलीत गोष्ट सांगावयास विनवावे. तिचा अर्थ मूल वर्गास मराठीत सांगू लागले, की कालचे मुके मूल आज साऱ्या वर्गाचे दुभाषी होते.

यात एक पथ्य अवश्य पाळावे. पोलिसांच्या भीतीने जगलेल्या घरांस त्यांची बोली ही ढाल होती. वही काढून शब्द विचारणारा गुरुजी तेथे चौकशी करणाराच भासेल. तितर, लावा, फासे यांविषयीचा त्यांचा शब्दसाठा मोठा असला, तरी आरंभ तेथून करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा उल्लेखही त्यांस धास्ती देतो. चुलीपाशी, नात्यागोत्यांत जे शब्द वावरतात ते आधी विचारावेत. कोणी सांगण्यास नकार दिला, तर आग्रह न करता परतावे व पुन्हा काही दिवसांनी सहज जावे.